कान वाजतोय? आधी कान मोजून घ्या

"मॅडम, माग बंद झाला तरी कानातला काय बंद होत नाही."

इचलकरंजीत यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेले काका माझ्यासमोर, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टसमोर, येऊन बसले की पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. कुणाच्या कानात रातकिडे ओरडतात, कुणाच्या कानात कुकरची शिट्टी अडकून बसलेली असते, कुणाला नुसतंच सूं सूं. हातात पिशवी, पिशवीत फाइल. फाइलमध्ये रक्ताचे रिपोर्ट, बी-१२ची इंजेक्शनं, चक्करेच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, एखाद्याने तर एमआरआयसुद्धा करून आणलेला असतो. कानाच्या तपासणीचा कागद शोधावा लागतो, आणि सापडलाच तर तो पाच वर्षांपूर्वीचा एकुलता एक ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, निघतो. त्यावर तोंडी सल्ला मिळालेला असतो : "नस कमजोर झालीय, सवय करून घ्या."

या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. सवय होते, हे खरं आहे. आपला मेंदू बऱ्याच आवाजांकडे कानाडोळा करायला शिकतो आणि कर्णनादाच्या उपचाराचा मोठा भाग त्यावरच उभा आहे. पण हा आवाज कानाच्या कुठल्या बिघाडातून आला हे न बघताच सवय करायला सांगणं म्हणजे गाडी का आवाज करतेय ते न बघता काचा वर करून घ्यायला सांगण्यासारखं आहे.

बाहेर आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणं म्हणजे टिनिटस, आपल्याकडचा जुना शब्द कर्णनाद. २०२२ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार मोठ्या माणसांपैकी साधारण १४ टक्के लोकांना तो कधी ना कधी जाणवतो आणि २ टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांना तो फार त्रास देतो. हा आजार नव्हे, लक्षण आहे. ताप जसा मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही, तसंच हे. तापाला तरी थर्मामीटर आहे. कानातला नाद मात्र फक्त त्या माणसालाच ऐकू येतो, मशीन लावून तो थेट मोजायची सोय रोजच्या दवाखान्यात नाही. कान मात्र मोजता येतो, आणि तोही पेशंटने काहीही न सांगता.

"काहीही न सांगता" हे महत्त्वाचं, कारण ज्या चाचणीवर आपण सगळी भिस्त ठेवतो ती ऑडिओमेट्री पेशंटच्या उत्तरावर चालते. आवाजबंद खोलीत हेडफोन लावायचा, टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. ज्याच्या कानात आधीच शिट्टी वाजतेय त्याला मशीनची शिट्टी कुठली आणि स्वतःची कुठली, हेच कळत नाही. बिचारा मधेच बटण दाबतो, मग ओशाळून माझ्याकडे बघतो. अशा वेळी मी सलग स्वर देत नाही. तुटक, टूं-टूं-टूं असा देते, म्हणजे त्याला वेगळा ओळखता येतो. ऑडिओमेट्री टाकाऊ मुळीच नाही, सगळी सुरुवात तिथूनच होते. मागावरच्या कामगाराच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे स्वराच्या पट्टीचं माप) आसपास जो खड्डा पडलेला असतो तो आवाजाने केलेल्या नुकसानीची जवळजवळ सहीच म्हणायची. पण नेहमीची ऑडिओमेट्री २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतच बघते आणि कानात नेमकं कुठे बिघडलंय याबद्दल थोडंच सांगते.

बाहेरून आत जात मोजायला लागू. पडदा आणि त्यामागची हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं नीट हलतात का, हे टिंपॅनोमेट्री सांगते. कानात रबरी बोंडी घट्ट बसवायची, हवेचा दाब कमी-जास्त करायचा आणि २२६ हर्ट्झचा एक हलका स्वर सोडून पडदा किती दबतो ते बघायचं. मिनिटभराचं काम. कागदावर डोंगर उमटला आणि त्याचं टोक मध्यभागी असलं तर ठीक. डोंगरच नाही, सपाट रेघ आली, तर पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं, पडद्याला भोक असू शकतं किंवा मळ तरी गच्च बसलेला असतो. आता सांगा, मळाने वाजणाऱ्या कानाला नसांची गोळी काय करणार?

हीच चाचणी दाब न बदलता तशीच चालू ठेवली की आणखी काही गोष्टी दिसतात. कानात ठक ठक, फडफड असा आवाज येणाऱ्या काही जणांच्या मधल्या कानातला इवलासा स्नायू आपोआप आखडत असतो, तेव्हा ती सरळ रेघ दातेरी होते. कुणाची रेघ श्वासाच्या तालावर वरखाली होते. तिथे नाकामागून कानाकडे जाणारी नळी मिटायची तशी मिटत नाही आणि माणसाला स्वतःचाच श्वास कानात ऐकू येतो. आणि आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, धप धप असा, तर माझ्या मशीनच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. तो रक्तवाहिन्यांचा प्रश्न असू शकतो आणि त्याला स्कॅन लागतो. एकाच कानात आवाज असेल, किंवा दोन्ही कानांच्या ऐकण्यात फरक असेल, तरीही तेच.

आता मला सगळ्यात आवडणारी चाचणी. आतल्या कानात शंखासारखी वळणं असलेली कॉक्लिया असते. तिच्यात एका कानाला साधारण साडेतीन हजार आतल्या केसपेशी आणि बारा हजारांच्या आसपास बाहेरच्या केसपेशी. आतल्या पेशी मेंदूकडे खबर पोचवतात. बाहेरच्या पेशींचं काम वेगळं आहे. आवाज आला की त्या स्वतः आखडतात, लांब होतात आणि बारीक आवाजाला जोर देतात. कान नुसता ऐकत नाही, आत काहीतरी काम करत असतो, ही कल्पना थॉमस गोल्ड यांनी १९४८ साली मांडली होती. तेव्हा कुणी फारशी मनावर घेतली नाही. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी कानात छोटा मायक्रोफोन ठेवला आणि कानातून बाहेर येणारा आवाज पकडला. चांगला कान आवाज करतो! त्याला म्हणतात ओटोअकॉस्टिक एमिशन, दवाखान्यातल्या भाषेत ओएई. बाळ जन्मलं की दोन दिवसांत त्याच्या कानात छोटा प्रोब घालून जी तपासणी करतात, ती बहुतेक ठिकाणी हीच.

यातला एक प्रकार तर जादूसारखा वाटतो. कानात एकाच वेळी दोन स्वर सोडायचे, समजा ३३३३ आणि ४००० हर्ट्झचे. बाहेरच्या केसपेशी धडधाकट असतील तर कान स्वतःचा तिसरा स्वर तयार करतो, साधारण २६६६ हर्ट्झचा, जो आपण सोडलेलाच नव्हता. प्रोबमधला मायक्रोफोन तो टिपतो. स्वरांच्या जोड्या बदलत गेलं की कुठल्या पट्टीत पेशी काम करतायत आणि कुठे थकल्यात याचा नकाशाच हाती येतो. पेशंटने फक्त गप्प बसायचं. आवंढासुद्धा गिळायचा नाही, कारण तो मायक्रोफोनला ऐकू जातो. गोंगाटात काम करणाऱ्यांच्या बाबतीत अनेकदा ऑडिओग्राम अजून बरा दिसत असतो आणि ओएई मात्र खाली गेलेली असते.

याच मोजमापाने उपचार कसा पालटतो याचं एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पुष्कळ चांगल्या कानांतून काहीही स्वर न सोडताही आपोआप बारीक आवाज येत असतो. बहुतेकांना तो ऐकू येत नाही. पण काही थोड्यांना, कर्णनादाच्या शंभर पेशंटमागे फार तर चार-पाच जणांना, ऐकू येणारी शिट्टी हीच असते. खात्री करता येते. पेशंटने सांगितलेली शिट्टीची पट्टी आणि मायक्रोफोनने पकडलेली पट्टी जुळते का बघायचं, मग जवळच्या पट्टीचा स्वर देऊन कानातून येणारा आवाज दाबायचा आणि विचारायचं, आता शिट्टी आहे का? १९९२ साली पेनर आणि कोल्स यांनी अशा एका पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. तिथे उतारा पडला तो ॲस्पिरिनचा, कारण ॲस्पिरिनने कानातून आपोआप निघणारे हे आवाज थांबतात. गंमत बघा, हीच ॲस्पिरिन मोठ्या डोसमध्ये घेतली तर चांगल्या माणसाचे कान वाजायला लागतात! म्हणजे एकाला उतारा तोच दुसऱ्याला त्रास, आणि कोण कुठला हे ठरलं एका मायक्रोफोनने. हे वाचून घरच्या डब्यातली ॲस्पिरिन कुणी घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका असतो आणि तुमचा आवाज या जातीचा नसण्याचीच शक्यता जास्त आहे.

मागावरच्या अशाच एका काकांचा आवाज त्या जातीचा नव्हताच. त्यांच्या वरच्या पट्टीतल्या बाहेरच्या केसपेशी गेलेल्या होत्या, ओएईच्या आलेखात ३००० हर्ट्झच्या पुढे काहीच नव्हतं. अशा कानाकडून मेंदूला खबर कमी पोचते. मग मेंदू काय करतो? सांगली आकाशवाणी नीट लागत नसली की आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसंच. मेंदू आपला आवाज वाढवून बसतो आणि आपल्याच यंत्रणेतली खरखर ऐकायला लागतो. सगळ्यांच्या बाबतीत एवढंच घडत असेल असं नाही, पण बहुतेकांच्या शिट्टीची पट्टी जिथे ऐकणं गेलंय त्याच भागात पडते हे आम्ही रोज बघतो. म्हणूनच श्रवण कमी असेल तर पहिला उपाय श्रवणयंत्र. हरवलेली खबर परत पोचवायची.

इथे एक मोजमाप आहे जे अनेक ठिकाणी गाळलं जातं, आणि माझं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं तेच आहे. कानाचं मशीन विकत घेतल्यावर ते कंप्युटरला जोडतात, ऑडिओग्राम भरतात, एक बटण दाबतात, झालं. कंप्युटर धरून चालतो की हा सरासरी कान आहे. पण कानाची नळी प्रत्येकाची वेगळी असते, कुणाची अरुंद, कुणाची वाकडी. साधारण अडीच सेंटिमीटरची ही नळी बासरीसारखी स्वतःच काही स्वर फुगवते, बहुतेकांच्या कानात ३००० हर्ट्झच्या आसपासचे. मशीन घातलं की ते गणित बदलतं. त्यामुळे पडद्यापाशी आवाज खरंच किती पोचला हे तिथे जाऊनच बघावं लागतं. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात.

मी काकांच्या कानात शेवयाएवढी बारीक सिलिकॉनची नळी घालते. नळीवर काळी खूण असते, ती कानाच्या दाराशी येईल इतकीच आत सरकवायची, मोठ्या माणसात साधारण २८ ते ३० मिलिमीटर. टोक पडद्याच्या जवळ येतं पण टेकत नाही. टेकलं तर पेशंट दचकतो. वरून मशीन घालायचं आणि समोरच्या स्पीकरमधून बोलण्याचा आवाज सोडायचा. हा आवाज सहा भाषांमधल्या बायकांच्या बोलण्याचे तुकडे जोडून मुद्दाम तयार केलेला आहे. बोलणं वाटतं, पण अर्थ लागत नाही. "ह्या कुठल्या भाषेत भांडायल्यात?" असं एका आजींनी विचारलं होतं. कंप्युटरच्या पडद्यावर दोन रेघा दिसतात, आवाज किती पोचायला हवा ती एक आणि किती पोचतोय ती दुसरी. काकांच्या बाबतीत नेमकं ४००० हर्ट्झपाशी, जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथे रेघ बरीच खाली होती. आधीचं मशीन "काही उपयोगाचं नाही" म्हणून कपाटात का पडलं होतं ते तिथे कळलं. महागडं मशीन होतं. चूक मशीनची नव्हती, कुणी मोजलंच नव्हतं.

कानात हलका खळाळ सोडणारी यंत्रं असतात, साउंड जनरेटर, त्यांनाही हाच नियम. तो आवाज शिट्टी पूर्ण झाकण्याइतका मोठा ठेवत नाहीत, कारण झाकलं तर मेंदूला तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकायची वेळच येत नाही. शिट्टीच्या जरा खाली, तिच्यात मिसळेल इतकाच ठेवायचा. ही "जरा खाली"ची पातळी पडद्यापाशी मोजून ठरवता येते आणि दिवसभर ऐकूनही कानाला अपाय होणार नाही ना, हेही बघता येतं. मोजमापाने अपेक्षाही जाग्यावर येतात. एखाद्याची शिट्टी १०,००० हर्ट्झला असेल तर नेहमीच्या श्रवणयंत्राचा जोर तिथवर पोचत नाही, हे त्याला पैसे भरायच्या आधी सांगायला हवं.

आणि ज्यांचा ऑडिओग्राम अगदी चांगला आहे त्यांचं काय? ढोल-ताशा पथकात ताशा वाजवणारी एक कॉलेजची मुलगी आली होती. तिला दोन ठिकाणी "तुला काहीही झालेलं नाही" असं सांगून परत पाठवलेलं. तिचा कान रात्री वाजायचा आणि आपल्या डोक्यातच काही बिघडलंय अशी तिची समजूत झाली होती. खोलीत बसून हे सांगताना ती रडली.

२००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि नस यांच्यातले जोड कायमचे तुटू शकतात, काही भागात तर निम्म्यापर्यंत. २०११ मध्ये शेट आणि मॅकअल्पाइन यांनी ऑडिओग्राम चांगला असूनही कान वाजणाऱ्या स्त्रियांची बेरा चाचणी केली. बेरामध्ये कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून टक टक आवाज देतात आणि नसेपासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या विजेच्या लाटा टिपतात. त्या स्त्रियांची पहिली लाट, म्हणजे नसेची, लहान होती आणि पाचवी, वर मेंदूच्या देठातली, नेहमीइतकी. खालून कमी आलं, वर भरून काढलं, आकाशवाणीचीच गोष्ट. पुढच्या काही अभ्यासांत हेच आढळलं, काहींत नाही. पहिल्या लाटेची उंची डोक्याच्या आकाराने, इलेक्ट्रोडच्या जागेने बदलते, त्यामुळे एकट्या माणसाचा रिपोर्ट बघून "तुझे जोड तुटलेत" असं मी म्हणत नाही. ८००० हर्ट्झच्या वरची ऑडिओमेट्री, ओएई आणि बेरा शेजारी शेजारी ठेवून मगच बोलते. त्या मुलीची ऐकण्याची पातळी १२,००० हर्ट्झच्या पुढे चांगलीच खाली गेली होती. तिच्यासाठी उपचार वेगळा ठरला. श्रवणयंत्र नको, पथकात मापाचे इअरप्लग, झोपताना खोलीत पंख्याइतका हलका आवाज आणि सगळ्यात आधी तो आलेख तिच्या हातात. "म्हणजे मला खरंच आहे," असं ती म्हणाली.

पुढच्या उपचारांनाही ही मापं लागतात. जिभेवर हलके विजेचे टोचे आणि कानात आवाज अशी जोडी देणाऱ्या लेनायर या यंत्राला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये मान्यता दिली. मिशिगन विद्यापीठात सुझन शोअर यांच्या गटाने गालावर किंवा मानेवर विजेचे टोचे आणि त्या त्या पेशंटच्या नादाशी जुळवलेला आवाज अशी जोडी वापरून पाहिली, त्याचा अभ्यासही २०२३ चाच. गोळ्यांचं म्हणाल, तर कर्णनाद घालवणारं म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध नाही, आणि अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत जिंको झाडाचा अर्क, झिंक यांसारखे पदार्थही सुचवू नयेत असंच सांगितलं आहे.

एक गोष्ट मात्र कान मोजणाऱ्या मशीनला कळत नाही : त्रास किती होतोय. शिट्टीची पातळी जुळवून बघितली तर ती बहुतेकांची ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा थोडेच डेसिबल वर निघते. एकाला तेवढ्यात शांत झोप लागते, दुसऱ्याची नोकरी जायची वेळ येते. हा फरक प्रश्नावलीतून कळतो, झोप, चिडचिड, भीती यांबद्दल नीट विचारून कळतो. आणि त्यावर ज्याला सर्वांत भक्कम पुरावा आहे तो उपाय म्हणजे सीबीटी, विचारांच्या सवयी बदलणारी समुपदेशनाची पद्धत. बोस्टनच्या मास आय अँड इअरमधल्या संशोधकांनी २०२५ मध्ये ९७ जणांना वेगवेगळे आवाज ऐकवून त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या आणि चेहऱ्याच्या बारीक हालचाली टिपल्या. ज्यांना कर्णनादाचा फार जाच होतो त्यांचे चेहरे आणि बाहुल्या वेगळं वागत होत्या, अगदी साध्या आवाजालासुद्धा. उद्या हेही माप दवाखान्यात आलं तर मला फार आनंद होईल, कारण "एवढं काय त्यात" हे वाक्य या माणसांनी घरातूनही पुष्कळ ऐकलेलं असतं.

तुमचा कान वाजत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आणि ऑडिओलॉजिस्टकडे टिंपॅनोमेट्री, ओएई आणि गरज वाटली तर बेरा, ही नावं घेऊन विचारा. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषावर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, नायर रुग्णालयात श्रवणशास्त्राचा विभाग आहे, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांमध्येही तपासणी होते. श्रवणयंत्र घेणार असाल तर कानात नळी घालून मोजणार का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. जुने आलेख तारखेसकट सांभाळा, फेकू नका. मोजणीच्या आदल्या दिवशी मोठ्या आवाजात जाऊ नका. आणि बेराला जाताना डोकं धुऊन, तेल न लावता जा, नाहीतर इलेक्ट्रोड नीट धरत नाहीत आणि मग आम्हाला तुमचं कपाळ पुन्हा पुन्हा घासावं लागतं.